बर्फाच्या थर्मासमधला नमुना

हे लिहायला मी कोण, हा प्रश्न मला पहिल्याच ओळीला पडला आहे. मी डॉक्टर नाही, लेखक तर नाहीच. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. माझं शुद्धलेखन अजून दुसऱ्याकडून तपासून घ्यावं लागतं. आणि विषय असा, की आमच्याकडे पुरुष तो चार पुरुषांतही काढत नाहीत. काढला तर थट्टेपुरता. म्हणून वडीलधाऱ्यांनी राग मानू नये, अशी आधीच माफी मागतो. पण ही माफी लिहिण्याची आहे, आजाराची नाही. आजाराची माफी मागणं मी मधेच कुठेतरी बंद केलं. ते कसं झालं तेच सांगायचं आहे. माझ्या हातात पडला तसा तपासणीचा कागद ज्याच्या हातात पडेल आणि तो घडी घालून लपवावासा वाटेल, त्याच्यासाठी हे लिहितो.

*

आमचं गाव निलंग्याकडचं. बारावीनंतर तीन वर्षं मी रोजगार हमीवर खडी फोडली. पाऊस नव्हता, त्यामुळे काम मात्र होतं. एकविसाव्या वर्षी लग्न झालं आणि त्याच वर्षी नांदेडला बी. एस्सी.ला नाव घातलं. बायको शांता गावी, आईवडिलांजवळ. मी सुट्टीला येणार-जाणार.

वर्षभर कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या वर्षी बोलू लागले, आणि शांतालाच बोलू लागले. टँकरच्या रांगेत बाया तिची घागर मागे सारायच्या. "लेकरावाल्या बायांना आधी भरू द्या, हिला कुठं घाई हाय." ती ऐकून घ्यायची असं नाही. "तुमचं लेकरू काय घागरभर पितंय व्हय?" असं तोंडावर विचारायची. पण घरी आल्यावर भाकरी थापताना तिचे हात नेहमीपेक्षा जोरात पडायचे.

आमची आय वाईट बाई नाही. पण तिच्या चुलतभावाची मुलगी लग्नाची होती आणि ते आय सारखं बोलून दाखवायची.

लातूर तेव्हा नवा जिल्हा झाला होता. ऑफिसं आली, पाट्या रंगल्या, आणि पाट्यांमागून डॉक्टर आले. शांता स्वतःच एका बाईबरोबर लातूरला जाऊन तपासून आली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तिला सांगितलं, "तुझ्यात काही नाही. आता नवऱ्याला घेऊन ये." हे तिने मला शांतपणे सांगितलं. आठ महिने मी गेलो नाही. परीक्षा आहे, प्रॅक्टिकल आहे, गाडी चुकली. मला भीती वाटत होती, एवढंच खरं कारण. ते लिहायला आज पहिल्यांदा जमलं.

*

शेवटी गेलो. खाजगी डॉक्टर, दुसरा मजला. दारावर कागद चिकटवलेला: येताना पाणी सोबत आणावे. संडासाला कुलूप, कारण नळाला पाणी नव्हतं. त्यामुळे नमुना तिथे देण्याची सोय नव्हती. लॅबमधल्या माणसाने काचेची बारकी बाटली हातात दिली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागला, "वीर्य यात घ्यायचं, तीन दिवस बायकोपासून लांब राहायचं, लवकर आणायचं, अन् आणताना..." पुढे तो काय म्हणाला ते मला माहीत नाही. मी जिना उतरलो होतो.

गावापासून लातूर, एसटीने दीड तास. गाडी वेळेवर आली तर. 'लवकर' कसं आणायचं? मी किसनदादाला विचारलं. किसनदादा माझा चुलतभाऊ, जनावरांच्या दवाखान्यात शिपाई. गावातल्या म्हशींना कृत्रिम रेतन करायला डॉक्टर येतात तेव्हा सामानाची पेटी तो धरतो.

तो हसला नाही. लगेच आतून थर्मास आणला. "हे बग, रेड्याचं येतंय ते यातच येतंय. खाली बर्फ, वर कापूस, त्यात नळी. दोन दोन दिवस टिकतंय. तुझं दोन तासांत काय होतंय?"

"बर्फ कुठला आणू?"

"निलंग्यात सरबतवाल्याकडं. कशाला पाहिजे म्हणला तर सांग, पाहुणे आलेत."

आम्ही दोघांनी मोठ्या काळजीने ती बाटली कापसात गुंडाळली. एवढ्या टंचाईत बर्फाचा खडा मिळवला याचा मला अभिमानसुद्धा वाटला. गाडी निटूरच्या पुढे पंक्चर झाली. रस्त्याकडेला बसलो तेव्हा थर्मास मांडीवर होता आणि शेजारचे आजोबा सारखे विचारत होते, "चहा हाय का रं त्यात?"

लॅबवाल्याने विचारलं, "किती वेळ झाला?" मी म्हणालो, "अर्धा तास." बर्फाचं त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. थर्मास मी जिन्यातच पिशवीत घातला होता.

*

दुपारी डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. "संख्या कमी आहे. पण मुख्य म्हणजे एकही जिवंत नाही. सगळे मेलेले." ते सावकाश बोलत होते, वाईट वाटू नये म्हणून. "यावर माझ्याकडे फार काही नाही. दत्तकाचा विचार करा."

मी कागदाची घडी केली, ती वहीत ठेवली, वही पिशवीत ठेवली, पिशवी छातीशी धरली. बसस्टँडवर दोन निलंगा गाड्या सोडल्या. मी मेलेलं काहीतरी अंगात घेऊन फिरतो आहे, असं वाटायला लागलं. जेवताना, आंघोळीला, वर्गात. हे ज्याला होतं त्यालाच कळेल.

शांताला सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती, राखेने, कारण पाणी नव्हतं. हातातलं पातेलं तिने घासून पुरं केलं. मग म्हणाली, "म्हंजे एवढे दिवस मी उगंच ऐकून घेतलं."

मला तिने एवढंच बोलावं असं वाटलं होतं आणि एवढंच बोलू नये असंही वाटलं होतं.

*

पुढच्या महिन्यात माझ्या मोठ्या बहिणीच्या मुलाचं नाव ठेवायचं होतं. विहारात वंदना झाली, मग घरी बायकांनी पाळणा बांधला. पाळण्याची दोरी एकेक बाई धरते, झोका देते आणि पाळणा म्हणते. शांताची पाळी आली तशी मावशीने दोरी तिच्या हातून काढून घेतली. भांडण नाही, रागावणं नाही. "तू ऱ्हाऊ दे माय, तू साखर वाट," असं म्हणून साखरेची ताटली तिच्याकडे दिली.

मी दारात पुरुषांत उभा होतो. मी कधी सभेत बोललेलो नाही. कॉलेजात हजेरीला 'येस सर' म्हणतानासुद्धा माझा आवाज बसतो. पण बोललो.

"मावशी, दोरी तिला द्या. तिच्यात काही न्हाई. दोष माझा हाय. लातूरला तपासलंय, कागद हाय माझ्याकडं. कुणाला दोरीपासून लांब ठिवायचं आसंल तर मला ठिवा."

पाळणा म्हणायचा थांबला. मामा म्हणाला, "गौतम, बायकांत काय बोलायलास तू?"

"बायकांतच बोलायला पाहिजे. बोलणं त्यांनाच बसतंय."

मग कोपऱ्यातली एक म्हातारी हसली. "पोरगं शिकलंय खरं," म्हणाली. "आमच्या म्हाताऱ्यानं असं कबूल केलं आसतं तर मी त्याला उचलून घेतलं आसतं." काही बायका हसल्या. मावशीने दोरी शांताकडे दिली. शांताने तीन झोके दिले, मोजून तीन, आणि पाळणा अर्धा म्हणून दोरी परत केली. साखरेची ताटली मात्र तिने मावशीच्या मांडीवर ठेवली.

रात्री घरी जाताना म्हणाली, "बोललाव ते बरं केलाव. पण उद्यापासनं रांगेत बाया मला इचारणार बगा, तुमचं भागतंय तरी कसं."

"मग काय सांगशील?"

"सांगीन की इचारायला या घरी."

त्या दिवशी आयने माझ्याशी बोलणं सोडलं. तिचं म्हणणं एकच होतं, ते ती भिंतीला सांगायची: पुरुषाचं कुठं असं असतंय, बायकोला झाकायला पोरगं स्वतःला बट्टा लावून घेतंय.

गावात मला नाव पडलं. सांगत नाही, अंदाज करा. हाक मारणाऱ्याकडे मी वळून बघायचो आणि "काय काम हाय?" विचारायचो. दोन महिन्यांत नाव विरलं. लपवलं असतं तर टिकलं असतं, असं मला वाटतं.

*

पुढचं वळण वर्गात आलं. प्राणिशास्त्राचे सर जनावरांच्या पैदाशीवर शिकवत होते. वळूचं वीर्य थंडीत ठेवण्याआधी त्यात अंड्याचा बलक मिसळतात, असं ते सहज म्हणाले.

मी हात वर केला. तीन वर्षांतला पहिला. "सर, बलक कशाला?"

"थंडीपासून वाचवायला. तसंच बर्फात ठेवलं तर शुक्रजंतू थंडीच्या धक्क्यानेच मरतात."

"माणसाचं पण?"

मागची बाकं खिदळली. सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि बाकांना गप्प केलं. "माणसाचं पण. ते अंगाच्या उबेत न्यायचं असतं. खिशात, काखेत."

तास संपेपर्यंत मी खाली बघून बसलो. मी जिना उतरत होतो तेव्हा लॅबवाला तेच सांगत असणार. मी आणि किसनदादाने जी एवढ्या जपणुकीने नेली, ती बाटली आम्हीच मारली होती. मला रडू आलं नाही. मला भयंकर राग आला, स्वतःचा, आणि त्या रागात बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

*

डॉक्टरांना सगळं सांगितलं. बर्फ, पंक्चर, अर्ध्या तासाचं खोटं. मला वाटलं हाकलून देतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, म्हणाले, "चूक माझीही आहे. दुसरा नमुना न बघता मी तुम्हाला दत्तक घ्या म्हणालो." डॉक्टर असं म्हणू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

या वेळी पाण्याची बाटली घेऊन गेलो होतो. संडासाचं कुलूप काढून दिलं. आतमध्ये एक खिळा, त्यावर जुनी दिनदर्शिका, बाहेर रांगेतल्यांचं खोकणं. एवढ्या लाजेतही माणसाला जमतं. जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी जावं, कोणी फाशी देत नाही.

थोडे जिवंत निघाले. थोडेच, पण हलणारे. लॅबवाल्याने मला सूक्ष्मदर्शकात बघू दिलं. त्या क्षणाचं मी वर्णन करत नाही.

मग त्याने दुसरी तपासणी केली. वीर्यात एक साखर असते. ती वीर्यकोशातून येते आणि या जंतूंची वाटेतली शिदोरी असते. नळीत औषध घालून ती उकळत्या पाण्यात धरतात. साखर पुरेशी असली तर लाल-नारिंगी रंग चढतो. माझी नळी पिवळट राहिली, फडकं पिळल्यावर हळदीचं पाणी निघतं तशी.

"लघवीला कधी जळजळ व्हायची?" डॉक्टरांनी विचारलं.

व्हायची. खडी फोडत होतो ती तिन्ही वर्षं. उन्हात दिवसभर एक तांब्या पाणी. आम्ही सगळे त्याला उन्हाळी म्हणायचो, धन्याचं पाणी प्यायचो आणि घण उचलायचो. त्यासाठी कोणी दवाखान्यात जातं का? डॉक्टर म्हणाले, ती जुनी सूज आत राहिली आहे. शिदोरी देणारी जागाच अर्धी बुजली आहे. तीन महिने गोळ्या. आणि रोज भरपूर पाणी.

"साखर वाढली म्हंजे मूल होईल?" मी विचारलं.

"तसं नाही. वाट मोकळी झाली, एवढंच ती सांगेल. पुढचं मी सांगू शकत नाही."

मला हे उत्तर आवडलं. आश्वासन देणारे गावात भरपूर होते.

*

भरपूर पाणी. हॉस्टेलवर माणशी एक बादली, त्यात आंघोळ, कपडे, पिणं. माझा खोलीतला सोबती व्यंकट, उमरीचा, शेतकऱ्याचा मुलगा. मी त्याच्या कळशीतून तिसऱ्यांदा पाणी घेतलं तेव्हा तो म्हणाला, "तुला मुतखडा झालाय का बे?"

मी सांगितलं. मूल होत नाही, दोष माझ्यात आहे, औषध चालू आहे. दर वेळी सांगताना शब्द थोडे सोपे होत गेले.

त्याने चप्पल पायात घातली. मग कळशी उचलून माझ्या खाटेखाली ठेवली. "पी. मी मेसमधी पिऊन येत जाईन." आणि दारातून परत वळून म्हणाला, "त्या डॉक्टरचा पत्ता लिहून ठेव. आमच्या थोरल्याला सहा वर्षं झाली. वहिनीला माहेरी धाडायचं चाललंय."

मी पत्ता लिहिला, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं: बर्फ वापरू नये.

*

तीन महिन्यांनी नळी गाजराच्या रसासारखी झाली. लॅबवाला ती खिडकीपाशी धरून म्हणाला, "बघा, आली तुमची साखर." हलणारेही वाढले होते, पण अजून बेताचेच. डॉक्टर म्हणाले, निवडलेल्या दिवशी तुमचंच वीर्य पिचकारीने आत सोडून बघू. शांता म्हणाली, "म्हंजे म्हशीवानीच की." डॉक्टरही हसले.

पहिल्या वेळी काही झालं नाही. पंधरा दिवस आम्ही दोघं दिवस मोजत होतो, मी नांदेडला, ती गावी. मग तिचं कार्ड आलं: यावेळी नाही. अभ्यास करा. त्या पंधरा दिवसांत तिने रोज दोन घागरी वाहिल्या होत्या. आय मदतीला गेली नव्हती. उचलण्याचा याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी माझ्या डोक्यातून त्या घागरी गेल्या नाहीत. त्या सुट्टीत रांगेत मी उभा राहिलो. बायकांच्या रांगेत एकटा पुरुष. हसल्या. मी घागर पुढे सारली.

आय ओट्यावरून बघत होती.

मार्चमध्ये दुसऱ्यांदा लातूरला निघालो तेव्हा ती न सांगता एसटीत येऊन बसली. मांडीवर पाण्याचा डबा. दवाखान्यात व्हरांड्यात बसली, माझ्याशी बोलली नाही. मी आतून नमुना देऊन बाहेर आलो, तेव्हा तिने डबा उघडून माझ्या हातावर पाणी ओतलं. आणलेलं सगळं नाही, पण पुरेसं.

शांताला अर्धा तास पडून राहायला सांगितलं होतं. निघताना डॉक्टर तिला म्हणाले, "या वेळी राहिलं तर डिसेंबरचा पहिला आठवडा धरा."

"म्हंजे सहा डिसेंबरच्या आसपास," आय म्हणाली. कितीतरी महिन्यांत माझ्या कानावर सरळ आलेलं तिचं हे पहिलं वाक्य. आमच्या घरात त्या तारखेला चूल उशिरा पेटते आणि सगळे पांढऱ्या कपड्यांत विहारात असतात. तारीख लक्षात ठेवायला तिला कागद लागत नाही.

*

एप्रिलमध्ये माझे पेपर सुरू झाले. शांताने लातूरला जाऊन तपासून यायचं आणि निरोप निलंगा-नांदेड गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचा, असं ठरलं होतं. तो आमच्याच बाजूचा, ओळखीचा. चार दिवस मी संध्याकाळी स्टँडवर जात होतो. चार दिवस तो लांबूनच हात हलवायचा: काही नाही. व्यंकट म्हणाला, "आज जाऊ नको, उद्या रसायनशास्त्र हाय." मी गेलो.

ती पाचवी संध्याकाळ. नाही आलं तर काय, ते मी चालताना ठरवून टाकलं होतं. पुन्हा जायचं. परत नाही आलं तर दत्तक घ्यायचं, पाळण्याची दोरी शांतानेच धरायची. यातलं काहीही झालं तरी तिची घागर मागे सारू द्यायची नाही.

कंडक्टर तिकिटांची पेटी काखेत मारून उतरला. या वेळी त्याने हात हलवला नाही. "तुझी आय आली होती स्टँडवर," तो म्हणाला.

"आय? शांता नव्हती?"

"न्हाई. म्हातारीच. निरोप पाठ करून घेतला माझ्याकडनं, दोनदा म्हणायला लावला." त्याने डोळे बारीक करून आठवलं. "म्हणली, शेवटचा पेपर झाला की पहिल्या गाडीनं ये. पाणी आता तू अन् मी भरायचं. शांतीनं घागर उचलायची न्हाई. सहा डिसेंबर होऊन जाईस्तोवर."

निरोप मी मनात पुन्हा एकदा म्हणून बघितला.

"आता सहा डिसेंबरचा अन् पाण्याचा काय संबंध, मला काय कळलं न्हाई बाबा," कंडक्टर म्हणाला. "पण एवढंच म्हणली."

"हाव," मी म्हणालो. "एवढंच हाय."